खिडकीकडचा हात

१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन म्हणजे जाहीर सभा. दादा स्पीकर लावतो, मग स्वतःच बोलायला लागतो, आणि मला जे तुला सांगायचं असतं ते घशातच राहतं. म्हणून हे पत्र. दादाच्या हाती पडू देऊ नकोस. त्याला कळलं तर तो पहिल्या गाडीनं इथे येईल आणि ‘सोड ती नोकरी’ म्हणून बसेल.

नवं वर्ष लागल्यापासून माझ्या अंगावर पित्त उठतंय. आधी वाटलं ढेकूण. गादी उन्हात टाकली, पलंगाच्या फटींत उकळतं पाणी ओतलं, घरमालकीणबाईंशी विनाकारण वाजलं. ढेकूण एकही निघाला नाही. मग लक्षात आलं, जिथे काही दाबतं तिथे उठतं. सीटचा पट्टा खांद्यावरून जातो तिथे, पिशवीच्या बंदाखाली, मोज्याच्या रबराखाली. तांबडे, फुगीर चट्टे, मध्ये जरा पांढरट. सकाळी उठतात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत विरून जातात आणि कातडी पुन्हा होती तशी. पण असतात तेव्हा वाटतं, स्टिअरिंग सोडावं आणि दोन्ही हात खराखरा खाजवत सुटावं. चालत्या बसमध्ये ड्रायव्हरला ती चैन नाही.

औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. खाज थांबली खरी, पण दुसऱ्या दिवशी बाजाराच्या थांब्यावर माणसं हात करून उभी आणि मी सरळ पुढे! मागून कंडक्टरनं घंटीची दोरी तुटेस्तोवर ओढली तेव्हा ब्रेक लागला. डोळे उघडे होते, वहिनी, पण त्यांच्यामागे मी नव्हते. कंडक्टर पुढे येऊन उभा राहिला. नुसता बघत राहिला, आणि ते जास्त लागलं. घरी येऊन गोळ्या कचऱ्यात टाकल्या. माझ्यामागे भरलेली गाडी असते. खाज परवडली.

पण आता खाजवून खाजवून हातांवर काळे डाग पडायला लागलेत. भाच्याला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा तू त्याच्या अंगावर एक व्रण राहू दिला नव्हतास. ते कसं केलंस, सविस्तर लिही.

तुझी,
भिंगरी

*

२० जानेवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. आधी माझ्या धंद्याचं. प्रेसमध्ये दिवसभर शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासून घरी आल्यावर तुझं पत्र वाचणं म्हणजे पुन्हा कामावर जाणं. सगळ्या चुका लाल पेननं दुरुस्त करून पत्र डब्यात ठेवलंय. ‘पित्त’ तू सगळीकडे एका त-नं लिहिलं होतंस. तसं लिहिल्यानं ते निम्मं होत नाही.

गोळ्या फेकल्यास ते बरोबर केलंस, पण अर्धंच. झोप न आणणाऱ्या गोळ्याही असतात. डॉक्टरकडे जा आणि तोंड उघडल्या उघडल्या सांग, ‘मी बस चालवते.’ नवी गोळी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घे. घरी बस आणि बघ, डोळे जड होतात का.

आता डागांचं. तुझ्या भाच्याच्या बाबतीत मी काही जादू केली नव्हती. नखं कापली, बस. पित्ताचा चट्टा आपणहून जातो, मागे काही ठेवत नाही. ठेवतं ते नख. तेव्हा नखं अगदी मुळापासून कापायची. खाज आली की नख लावायचं नाही, तळहात सपाट ठेवून दाबायचं किंवा गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं. झोपताना सुती हातमोजे घाल. हसू नकोस, भाचाही हसला होता. कढत पाण्यानं आंघोळ बंद. तुला कातडी सोलेपर्यंत पाणी लागतं, मला माहीत आहे. कोमट घे, साबण बिनवासाचा आण, अंग पुसताना घासू नकोस, टिपून घे. ओलसर आहे तोवरच साधं मलम लाव, तेही बिनवासाचं. कपडे ढगळ. पट्टा तर लावायलाच हवा, मग त्याच्याखाली मऊ फडक्याची घडी घाल.

आणि एक विचारते. दोन्ही हातांवर डाग सारखेच आहेत? माझी पैज आहे, खिडकीकडचा हात जास्त काळा असणार. ऊन लागलं की डाग पक्का होतो. उशांच्या जुन्या अभ्र्यांच्या ढगळ बाह्या शिवून पाठवल्यात. फुलाफुलांच्या आहेत. जे होतं त्यातून शिवल्या. वर रबर नाही, नाडी आहे, सैल बांध.

दादाला सांगत नाही. पण मला खोटं बोलता येत नाही, तो विचारेपर्यंतच हे चालेल.

तुझी वहिनी

*

८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पैज जिंकलीस. खिडकीकडचा हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा इतका काळा होता. बाह्या घालून गेले त्या दिवशी कंडक्टर म्हणाला, ‘अंथरुणातून तशीच उठून आलीस का?’ मी म्हटलं, ‘हो, आणि उशी तुझ्या डोक्यात घालायला ठेवलीये.’ आता त्याला सवय झाली. ऊन तिरपं आलं की तोच आठवण करतो, ‘बाह्या खाली.’

आगाराजवळच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली. सुट्टीच्या दिवशी घेऊन बघितली. झोप नाही, काही नाही, दिवसभर कपाट आवरत बसले. दोन आठवड्यांत हातावरचं पित्त पुष्कळ कमी झालं. नखं इतकी कापलीत की सुट्टी नाणीही उचलता येत नाहीत. हातांवरचे डाग फिके व्हायला लागलेत.

पण आता पायांवर नवीनच सुरू झालंय. नडग्यांवर. चट्टे उठतात, खाजत नाहीत तितके, चुरचुरतात, भाजल्यासारखे. जातात तेव्हा मागे जांभळट डाग राहतो, आपटल्यावर पडतो तसा. आगारातल्या एका बाईंनी डाग घालवायचं क्रीम दिलं. ‘आठ दिवसांत गोरीपान,’ म्हणाल्या. लावलं तर कातडी लालबुंद झाली आणि सोलायला लागली. आता बंद केलंय, ओरडू नकोस.

परवा पुढच्या सीटवर एक बाई मुलीला घेऊन बसली होती. बाही जरा वर सरकली आणि तिला माझा हात दिसला. तिनं मुलीला उचललं आणि मागे उभी राहिली. जागा रिकामी असताना, वहिनी, पार शेवटच्या थांब्यापर्यंत उभी. आरशात मला सगळं दिसत होतं. आरसा बघू नये म्हटलं तरी ड्रायव्हरला बघावाच लागतो.

तुझी,
भिंगरी

*

१६ फेब्रुवारी

भिंगरे,

न ओरडता कसं लिहू? कोण कुठली बाई डबी हातात देते आणि तू फासतेस? डबीवर आत काय आहे ते लिहिलं होतं का? नव्हतंच, मला माहीत आहे. असल्या क्रीमनं कातडी पातळ होते आणि मग डाग जायच्या ऐवजी दुपटीनं बसतो. डबी कंडक्टरला दे, पाठीमागच्या पत्र्यावरचा गंज घालवायला कामी येईल. सोललेल्या जागी फक्त साधं मलम लाव आणि तिला हात लावू नकोस.

आणि पायांचं म्हणशील तर तू झोपेत खाजवतेस. हातमोजे रात्री काढून टाकत असणार. हातांपर्यंत तुझं लक्ष आहे म्हणून हात सुधारले, पायांकडे नाही म्हणून पाय बिघडले. सरळ हिशेब आहे. खाजवल्याशिवाय पित्ताचा डाग पडत नाही, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पायांना सुती पायजमा घाल, घोट्याशी बांध, आणि मन घट्ट कर. तू लहानपणी गुडघ्याची खपली काढायचीस आणि ‘मांजरानं काढली’ म्हणून सांगायचीस. दादा अजून सांगतो.

त्या बाईचं मनावर घेऊ नकोस. घेतलंयस, ते कळतंय मला.

तुझी वहिनी

*

१० मार्च

प्रिय वहिनी,

पत्राला उशीर झाला. काम होतं.

मी खाजवत नाही. झोपेतही नाही. हातमोजे सकाळी हातातच असतात. पायजमा बांधून झोपते, सकाळी गाठ तशीच असते. सोमवारी डाव्या पायावर एक चट्टा उठला, गुरुवारीही तो तिथेच होता, त्याला मी बोटही लावलं नाही. तरी आज तिथे जांभळं आहे. तुला पटत नसेल तर राहू दे. मी आता मांजराचं नाव सांगण्याच्या वयाची नाही.

बाकी ठीक. आगारात नवीन रंगकाम चाललंय. गाड्या धुवायच्या जागेला फरशी बसवली, त्यामुळे पाणी आता कार्यालयाच्या दारात येतं आणि साहेब रोज बूट भिजवतात. उपाहारगृहातला चहा आणखी पातळ झालाय. पास काढायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची गंमत असते. एक आजोबा स्वतःचा फोटो विसरले आणि बायकोचा देऊन म्हणाले, ‘आमचं सगळं एकच आहे.’ सकाळी जिन्यात पायरीवर बसून बूट घालते, तिथून खालच्या अंगणातली कबुतरं दिसतात. छान वाटतं.

दादाला, भाच्याला विचारल्याचं सांग.

भिंगरी

*

१७ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा चुका दुरुस्त करायला घेतल्या आणि लाल पेन उघडं तसंच राहिलं. मग डब्यातली तुझी आधीची दोन्ही पत्रं काढून शेजारी ठेवली.

या पत्रात रस्ता नाही. तुझ्या पत्रात नेहमी थांबे असतात, आरसा असतो, तुझा तो कंडक्टर असतो. या वेळी फरशी, चहा आणि पास काढणारे म्हातारे. बस चालवणाऱ्या बाईला पास काढणाऱ्या आजोबांचा फोटो कुठे दिसतो? तू बसवर नाहीस. कधीपासून?

दुसरं. तू जिन्यात बसून बूट घालतेस. तू उभ्या उभ्या, एका पायावर उड्या मारत बूट घालणारी मुलगी. कबुतरांचं कौतुक मला सांगू नकोस. गुडघे दुखतायत का?

आणि तिसरं, जे मला आधीच दिसायला हवं होतं. जानेवारीत लिहिलं होतंस, चट्टे जेवणाच्या सुट्टीपर्यंत विरतात आणि मागे काही राहत नाही. आता लिहितेस, सोमवारचा चट्टा गुरुवारी होता आणि न खाजवता जांभळं राहिलं. या दोन गोष्टी एक नाहीत, भिंगरे. मी नखाचं धरून बसले आणि तू काय सांगतेस ते ऐकलंच नाही. पुस्तकातली चूक एका अक्षरावरून पकडते आणि घरच्या माणसाचं पूर्ण वाक्य सोडून दिलं. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. ठेवते आहे.

आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंना तुझं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दिवसभरात जाणारं पित्त वेगळं. जे दिवसदिवस एकाच जागी राहतं, भाजतं आणि मुकामार लागल्यासारखा डाग ठेवून जातं, ते त्वचेच्या डॉक्टरांनी बघायलाच हवं. सांधे दुखत असतील तर लवकर.’ त्या घाबरवत नव्हत्या, पण हसतही नव्हत्या.

तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मला लिहिलंस तसंच त्यांना सांग, गुडघ्यांसकट. काही लपवू नकोस. मग मला खरं लिही. मी ओरडणार नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला लिहून देते आहे.

तुझी वहिनी

*

२५ मार्च

वहिनी,

पत्र वाचून खाली पायरीवर बसून रडले. मग घरमालकीणबाईंनी विचारलं म्हणून आत आले.

हो. बसवरून उतरवलंय. त्या मुलीच्या आईनं तक्रार केली होती, ‘ड्रायव्हरला लागट रोग आहे.’ साहेबांनी बोलावलं. वाईट माणूस नाही तो. ‘थोडे दिवस पासच्या खिडकीत बसा, प्रकरण थंड होऊ दे,’ म्हणाले. मी सांगितलं, हे लागत नाही. ते म्हणाले, ‘मला माहीत आहे हो, पण लोकांना कोण सांगणार?’ खिडकीत बसले. समोरून माझी गाडी रोज जाते. तिच्यावर दुसरा माणूस आहे, गिअर ओढतो तेव्हा इथपर्यंत आवाज येतो. मला दात ओढल्यासारखं होतं.

गुडघे आणि घोटे दुखतात. सकाळी जास्त. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कातडीसाठी उतरवलंय ते परत चढवतील, पण ड्रायव्हरचे गुडघे दुखतात म्हटल्यावर क्लचवर पाय ठेवू देणार नाहीत. म्हणून तुलाही नाही सांगितलं. तुला सांगितलं की ते खरं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तरुण आहेत, कमी बोलतात. सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. काचेची पट्टी चट्ट्यावर दाबून बघितली. साधं पित्त दाबलं की फिकं पडतं, माझं पडलं नाही. मग पेननं चट्ट्याभोवती गोल काढला आणि म्हणाले, ‘उद्या याच वेळी या.’ दुसऱ्या दिवशी गेले तर चट्टा गोलात तसाच बसलेला. ते म्हणाले, ‘तुम्ही खाजवलेलं नाही. हे आतून आलंय.’ वहिनी, त्या एका वाक्यानं मला इतकं बरं वाटलं की पुढचं नीट ऐकूच आलं नाही. परत विचारावं लागलं.

त्यांना शंका आहे की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आहे. पक्कं करायला कातडीचा छोटासा तुकडा काढून तपासणार. रक्त आणि लघवीही तपासायची, कारण कधी कधी हे मूत्रपिंडापर्यंत जातं. बुधवारी सकाळी बोलावलंय. मी जाणार आहे. भीती वाटते, पण न कळण्याची त्याहून जास्त वाटते.

दादाला अजून नको.

भिंगरी

*

२८ मार्च

भिंगरे,

दादाला सांगितलं. वचन मोडलं, हवं तितकं रागाव. मंगळवारी संध्याकाळी तो तुझ्याकडे पोचतोय. मला रजा मिळाली नाही, वार्षिक परीक्षांची छपाई अंगावर आहे, नाहीतर मीच आले असते.

त्याला सगळी पत्रं वाचायला दिली. वाचून त्यानं ती घडी घालून डब्यात ठेवली. मग म्हणाला, ‘ती बसचा थांबा चुकली म्हणून गोळ्या फेकते, आणि मी तिला नोकरी सोड म्हणणार होतो?’ तेव्हा त्याची भीती धरू नकोस. नोकरीबद्दल एक शब्द काढायचा नाही, असं बजावलंय. काढलाच तर मला कळव.

जखमेची काळजी काय घ्यायची ते डॉक्टरांकडून नीट विचारून घे. दादावर विसंबू नकोस, तो ऐकतो एक आणि सांगतो दुसरं.

तुझी वहिनी

*

१५ एप्रिल

प्रिय वहिनी,

रागावले होते. दादाला दारात बघेपर्यंत. हातात पिशवी, पिशवीत उशी! ‘तुझ्याकडची उशी मला लागते,’ म्हणाला. लागते म्हणजे मान दुखते, हे मला अर्ध्या तासानं कळलं.

बुधवारी माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा पांढरा होता. आत येऊ का विचारलं, डॉक्टर हो म्हणाले. मला सुई टोचून जागा बधिर केली, दुखलं ते तेवढंच. डॉक्टरांनी पेन्सिलच्या टोकाएवढा तुकडा काढला, एक टाका घातला. आणि शेजारी धपकन आवाज. दादा. नर्सनं त्याचे पाय उशीवर ठेवले. पिशवीतून दवाखान्यातही आणलेली त्याची उशी शेवटी तिथे लागली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, ‘तिला सांगू नका.’ तिला म्हणजे तुला. मी सांगते आहे.

परत येताना बसमध्ये आम्ही पुढच्या सीटवर बसलो होतो. तो रस्ताभर ड्रायव्हरकडे बघत होता. उतरल्यावर म्हणाला, ‘हे तू रोज करतेस? एवढ्या गर्दीतून?’ बास. नोकरीबद्दल एवढाच शब्द काढला, आणि तो तुला कळवावा असा नाही.

निकाल आला. डॉक्टरांची शंका खरी निघाली. त्याचं नाव लांबलचक आहे, तू बघशील तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासशील. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आहे. त्यातून रक्त झिरपतं, म्हणून जांभळं राहतं. मूत्रपिंडं चांगली आहेत. हे ऐकताना मी दादाचा हात इतका दाबला की तोच ‘आई गं’ म्हणाला. वेगळ्या गोळ्या सुरू केल्यात, मधून मधून रक्त आणि लघवी तपासत राहायची. डॉक्टर म्हणाले, ‘लवकर आलात. आणखी वर्षभर खाज समजून बसला असतात तर अवघड झालं असतं.’ मी तुझं सांगितलं. ते म्हणाले, ‘वहिनी डॉक्टर आहेत का?’ मी म्हटलं, ‘नाही, पत्र वाचतात.’

डागांचंही विचारलं. ते जातील, पण महिने लागतील, आणि काही पूर्ण जाणारही नाहीत. ऊन टाळायचं, मलम चालू ठेवायचं, आणि घाई करून काहीही फासायचं नाही. तू सांगितलेलं एकही वाक्य त्यांनी खोडलं नाही. ‘खाजवल्याशिवाय डाग पडत नाही’ एवढंच सोडून.

आता मला बसवर परत जायचंय. त्याचं काय करू?

भिंगरी

*

२२ एप्रिल

भिंगरे,

दादानं मला ‘चक्कर नव्हे, पाय घसरला’ असं सांगितलंय. मी मान डोलावली. घरात शांतता आहे, राहू दे.

तू विचारतेस काय करू. आधी बरी हो. गुडघे दुखत असताना ब्रेकवर पाय ठेवायला मी तुला सांगणार नाही, आणि तूही ठेवणार नाहीस. जी मुलगी झोपेच्या गोळ्यांसाठी स्वतःला माफ करत नाही ती गुडघ्यांसाठीही करणार नाही. ते जमलं की मग साहेबांकडे जा, आणि खाली मान घालून जाऊ नकोस. डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घे. हे कुणाला लागत नाही, आणि तू गाडी चालवायला योग्य आहेस की नाही. दुसरं त्यांनी ‘आहे’ लिहीपर्यंत थांब. ‘लोकांना कोण सांगणार’ असं साहेब म्हणाले ना? मग सांग त्यांना, ‘तुम्ही. तुमच्या आगाराची ड्रायव्हर आहे मी.’

पासच्या खिडकीत आहेस तोवर तिथलं काम चोख कर. रुसून बसलेलं माणूस परत बोलावायला कुणाला आवडत नाही. आणि डाग रोज मोजू नकोस. आरशासमोर उभं राहून रोज बघितलं की काही हलत नाही. महिन्यातून एकदा बघ.

मला तू परत रस्त्यावर हवी आहेस. तुझी ही आगाराची पत्रं फार कंटाळवाणी असतात.

तुझी वहिनी

*

३० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

मधली चिठ्ठीवजा पत्रं सोड. आज बसून नीट लिहिते.

जूनमध्ये गुडघे मोकळे झाले. एका सकाळी जिना उतरून खाली आले आणि मग लक्षात आलं की कठड्याला हातच लावला नव्हता. जुलैमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलं, दोन्ही. ते घेऊन साहेबांकडे गेले. तू म्हणालीस ते वाक्य पाठ करून गेले होते, पण त्यांनी आधीच विचारलं, ‘मग कधीपासून येताय गाडीवर?’ सगळी तयारी वाया. तरी मी ते वाक्य म्हटलंच. ते जरा चपापले, मग म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. तेव्हाच मी त्या बाईंना सांगायला हवं होतं.’ पण आगाराच्या वैद्यकीय तपासणीशिवाय चावी मिळत नाही, आणि तिची तारीख या आठवड्यातली मिळाली.

आणि तपासणीच्याच सकाळी, वहिनी, मांडीवर चट्टा. एकच. दीड महिन्यात पहिला. मी पलंगावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. पँटखाली होता. कुणी बघितला नसता. घोटाही जरा कुरकुरत होता. मनात आलं, आज एक दिवस गप्प राहावं, उद्यापासून खरं बोलावं. मग ते बाजाराच्या थांब्यावरचे लोक डोळ्यांसमोर आले, हात करून उभे असलेले. मी उठले आणि गेले.

तपासणीच्या डॉक्टरीणबाई वयस्कर, चष्मा नाकावर. त्यांनी कागद वाचले आणि विचारलं, ‘आता काही त्रास?’ मी सांगितलं, ‘आज सकाळी एक चट्टा आला आहे. घोटा थोडा दुखतोय.’ आणि दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितला. मला उठाबशा काढायला लावल्या. मग खाली अंगणात नेलं आणि उभ्या असलेल्या गाडीच्या केबिनमध्ये चढायला, उतरायला, पुन्हा चढायला लावलं. क्लच दाबून धरा म्हणाल्या. धरला. पूर्ण ब्रेक मारा म्हणाल्या. मारला. त्या खाली उन्हात उभ्या, मी वर, आणि माझा पाय थरथरला नाही.

‘लपवलं असतं तर मला कळलं नसतं,’ त्या म्हणाल्या.

‘मला कळलं असतं,’ मी म्हटलं.

त्यांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून सही केली. अट घातली, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि दुखणं वाढलं त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, आपणहून सांगायचं. मी म्हटलं, ‘ते मी तसंही करते.’ ‘दिसतंय,’ म्हणाल्या. चट्टा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आमच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळी थोडी वाढवली. हे पूर्ण जाईल की येत-जात राहील, ते त्यांनाही सांगता येत नाही. आलं तर काय करायचं ते मला माहीत आहे.

डाग विचारशील. हातांवरचे जवळजवळ गेले. नडग्यांवर चार-पाच राहिलेत, फिकट, कॉफी सांडून पुसल्यासारखे. त्यातले एक-दोन राहतील असं वाटतं. आणि टाक्याचा व्रण आहे, तांदळाच्या दाण्याएवढा, तो कायमचा. त्याच्यावर मात्र मी मलम लावत नाही. तो मी स्वतः जाऊन करून घेतलेला आहे.

काल पहिली ड्यूटी होती. कंडक्टरनं सीट पुढे-मागे करून माझ्या मापाची करून ठेवली होती, आरसेही पुसले होते. रस्त्यात एका सिग्नलला मागच्या बाईंनी वाकून विचारलं, ‘हाताला काय झालं हो? उन्हातही पूर्ण बाह्या?’ पूर्वी मी रस्त्याकडे बघत राहिले असते. काल सांगितलं, ‘रक्तवाहिन्यांचं दुखणं आहे. लागत नाही कुणाला. उन्हानं डाग काळे होतात म्हणून झाकते.’ मोठ्यानं, मागच्या सीटपर्यंत जाईल असं. त्या म्हणाल्या, ‘असं होय,’ आणि उठून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. एवढंच. इतकं सोपं होतं ते.

आता पहाटेची फेरी आहे, म्हणून आवरतं घेते. काल आगारातून निघाले तेव्हाचं मात्र सांगायचंय. फाटकात उभी होते, समोरून रिक्षा, सायकली, दुधाची गाडी, एक जण चालता चालता फोनवर भांडत होता. शिरायला फट नव्हती. मागून कंडक्टरनं घंटी दिली. मी हॉर्न दाबला, क्लच सोडला आणि गाडी घातली.

तुझी,
भिंगरी